कोमट पाण्यातला जांभळा

मित्रांनो, मी एक जुना, जांभळ्या काट्यांचा सागरी साळू आहे, म्हणजे काटेरी चेंडूसारखा समुद्रजीव. सिसिलीच्या एका खडकाला चिकटून असतो. तोंड खाली, काटे वर! पण मला ऐरागैरा समजू नका. मी ताप पचवलेला गडी आहे.

माझा जन्म किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत, काचेच्या वाडग्यात झाला. नुन्झिया ही तिथली संशोधक. साळू धरणारे सारोकाका तिला दोन टोपल्या आणून देत.

"हे काळे नवरे, ह्या जांभळ्या बायका. लाव लग्न!"

"काका, काळ्यांची जातच वेगळी. जांभळ्यांत नवरे-बायका दोन्ही असतात."

"चल गं! आजोबांपासून आम्ही जांभळ्याच फोडून खातोय. गाभोळी त्यांच्यातच. म्हणजे बायकाच ना?"

तेव्हा मी पेशींचा इवलासा पोकळ गोळा होतो. अंगावर बारीक केस, ते हलवत सारख्या गिरक्या घ्यायच्या. एके दिवशी नुन्झियाने आमचं पाणी कोमट केलं. जीव कासावीस झाला हो! उष्णतेने अंगातली प्रथिनं वेडीवाकडी होतात. ती सावरायला आम्ही रक्षक प्रथिनं भराभर बनवली. मग तिने गार पाण्यात विसावा दिला आणि नंतर पाणी चांगलंच तापवलं.

शेजारच्या वाडग्यातल्या भावंडांना आधी कोमट पाणी मिळालं नव्हतं. पाणी तापताच ती मरून तळाशी गेली. तिसऱ्या वाडग्यातल्यांच्या तर नुकत्या एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार होत होत्या. त्या वयात रक्षक प्रथिनं बनवताच येत नाहीत. त्यांचा जीव कोमट पाण्यानेच घेतला. त्यांची अजून आठवण येते.

आम्ही मात्र गरगर फिरत होतो! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सारोकाका ओरडले, "आयला, उकडले तरी नाचतायत!" माझी नसलेली छाती फुगली. पुढे काटे आले, आणि काकांनीच मला या खडकावर सोडलं.

या वसंतात त्यांनीच मला उपटलं. ओळखलं थोडंच! नावेत बसून त्यांनी चाकू काढला. "ये बाई, पावाबरोबर गोड लागशील."

भीतीने माझ्या अंगातून पांढरा रस सुटला. काकांच्या तळव्यावर ओघळ आले.

"आं? हे तर नराचं! बाई कसली, हा बाप आहे बाप!" ते पोट धरून हसले. "आजोबा, माफ करा, तुमचं चुकलं. नुन्झिया पोरगी जिंकली." त्यांनी मला अलगद पाण्यात सोडलं. "जा बाबा, पोरं सांभाळ."

पोरं! माझा पांढरा ढग पसरला, शेजारणींनी अंडी सोडली. पण यंदा समुद्र आधीच कोमट होता. ताप पचवायची विद्या माझ्या पोरांच्या रक्तात आहे, पण ती वापरायला अंगावर केस फुटायला हवेत. तोवर बापालाही काही करता येत नाही.

मित्रांनो, तेवढा वेळ आमचा समुद्र गार राहू द्या. पुढचं माझी पोरं बघून घेतील.