माशांचा नवस

चारुलता वहिनी कोकणातली, खाडीकाठची. उज्जैनला लग्न होऊन आली तेव्हा मी, तिची नणंद विनोदिनी, मनात म्हटलं, इथला उन्हाळा हिला महिन्याभरात माहेरी पळवतो बघा. कसचं काय! बाई आम्हालाच पुरून उरली.

माई, म्हणजे माझी आई, रोज पहाटे क्षिप्रेत माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. शैलेंद्रदादा लहानपणी टायफॉइडमधून वाचला, त्याचा नवस. दादा नोकरीला लागला, लग्न झालं, आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात घरोघरी केबल आलं, तरी गोळ्या चालूच. घाटावर सगळेच घालायचे म्हणा.

त्या मे महिन्यात पाणी आटलं. काठच्या चिखलावर आणि पाण्यावर हिरवीगार काई, म्हणजे शेवाळ, पसरली. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू! पहाटे मासे वर येऊन आ वासायचे.

"बिचारे भुकेले आहेत," म्हणत माईने कणीक दुप्पट केली.

एक दिवस वहिनी सोबत आली. पाहिलं आणि पायरीवरच बसली.

"माई, हे खायला मागत नाहीयेत हो. यांना श्वास मिळत नाहीये. आमच्या खाडीत गावाची घाण यायला लागली, तेव्हा चिखलावर अशीच हिरवी चादर आली. खालच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या हो, गुदमरून मेल्या, मग पक्षीही येईनात. उरलेली कणीक कुजते आणि या काईला खत मिळतं. रात्री ती पाण्यातली हवा ओढून घेते. आता गोळ्या बंद करा."

माई भडकली. "नवस मोडू? माझ्या शैलूचं काही बरंवाईट झालं तर? तुला काय जातंय सांगायला!"

वहिनीचा आवाज मात्र चढला नाही.

"तुमचे चिरंजीव माझेही कोणी आहेत नं, माई? त्यांच्या जिवाशी मी खेळेन का?"

वा! त्या क्षणी मी तिच्या पाया पडले असते.

माईने वाकून माशांकडे पाहिलं. मग कणकेचा डबा माझ्या हातात कोंबला, पदर खोचला, पाण्यात उतरली आणि ओंजळभर काई काठावर फेकली.

"नवस माशांचा होता, कणकेचा थोडीच! आता रोज हेच करीन. चारू, हात दे गं, पाय घसरतोय."

वहिनी साडीसकट उतरली. मी डबा धरून बावळटासारखी रडत होते.

त्या कणकेच्या दुपारी पोळ्या झाल्या. दादाने ताव मारला. "आज पोळ्या मस्त झाल्यात माई, काय विशेष?"

माई त्याच्या ताटात आणखी एक वाढत म्हणाली, "तुझ्या बायकोला विचार."