एका काचेचा गॉगल

काळी काच. तळलेला मासा. शाळेची पिवळी बस. टपालपेटीचा वाकलेला खांब. टीव्हीतून बाहेर येणारा माणूस.

मी एक जुना, एकाच काचेचा गॉगल आहे. मित्रांनो, वरचं सगळं माझंच आयुष्य आहे, फक्त सांडलंय.

गिमली गावच्या गोठलेल्या तलावावर आर्नी मासेमारीची जाळी ओढायचा, तेव्हा मी त्याच्या नाकावर असायचो. बर्फाची चकाकी मी अडवायचो. ‘याच्याशिवाय मी आंधळा,’ असं तो सगळ्यांना सांगायचा. एकदा मी पडलो आणि माझी डावी काच गेली. मग टीव्हीशेजारी धूळ खाणं आलं.

एका शनिवारी हॉकीचा सामना चालू होता. आर्नीने गंमत म्हणून मला डोळ्यांवर चढवलं आणि तो ओरडला, “ब्योर्ग! पोरं टीव्हीतून बाहेर आली!”

“दारू कमी कर,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. मग मला घालून तीही पडद्याकडे हात पुढे करू लागली.

काळ्या काचेआडचा डोळा किंचित उशिरा बघतो. म्हणून सपाट पडद्यावर आडवे धावणारे खेळाडू पुढे आलेले दिसतात. पण फक्त एकाच दिशेने धावणारे. उलट धावणारे खड्ड्यात जातात. विश्रांतीनंतर संघ बाजू बदलत, तेव्हा मलाही उलटा करून काच दुसऱ्या डोळ्यावर धरत. गल्लीभर माझं कौतुक झालं.

आर्नीची थोरली बहीण हुल्दा शाळेची बस चालवायची. त्या हिवाळ्यात तिने बसच्या धक्क्याने टपालपेटीचा खांब दोनदा वाकवला होता आणि दोन्ही वेळा दोष बर्फाला दिला होता. मासे खायला आली, तेव्हा टीव्हीवर सामना चालू होता आणि ब्योर्गने मला पुढे केलं.

“मला नको गं. मला गॉगलाशिवायच बाहेर दिसतात पोरं.”

“थापा!” आर्नी म्हणाला. “ताई, तू लहानपणीही अशीच होतीस.”

“थापाड्या तू! आण इकडे.” तिने मला चढवलं. काच उजव्या डोळ्यावर. “हे काय? सगळं चपटं झालं. मोडकाच आहे तुझा गॉगल.”

ब्योर्ग हसली. आर्नी हसला नाही.

“ताई, आमच्या डोळ्यावर काळी काच ठेवावी लागते. तुझ्या डाव्या डोळ्यात ती आधीच बसलीय; आता उजव्यावरही आली, म्हणून सगळं चपटं झालं. उजवा डोळा झाक बघू.”

हुल्दाने मला काढलं, तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली.

“खिडकीच्या काचा कधी पुसल्या होत्या गं, ब्योर्ग?”

“सकाळीच.”

हुल्दाने हात खाली घेतला. “सोमवारी बसमध्ये पोरं असतील,” ती हळूच म्हणाली आणि बसची किल्ली तिने टेबलावर ठेवली.

विनिपेग शहरातल्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. वसंतात बस पुन्हा तिच्या हाती आली. आता तीही माझ्यासाठी भावाशी भांडते. “माझी पाळी आहे, आण!”

मित्रांनो, एक डोळा दुसऱ्याचं दुखणं झाकून नेतो. कधीतरी हात ठेवून एकेका डोळ्याने खिडकीबाहेर बघा. आणि मोडक्या वस्तू लगेच फेकू नका.

मला दुकानातून आर्नीसाठी हुल्दानेच आणलं होतं, बर्फावरच्या उन्हाने त्याचे डोळे जाऊ नयेत म्हणून.