चित्रातला खालचा माणूस

मित्रांनो, मी एक जुने छापचित्र आहे. माझा कागद आता पिवळा पडला आहे आणि एका कोपऱ्यात कसरीने जाळी केली आहे. पण १९५५ सालच्या हिवाळ्यात, दिल्लीतल्या पहाडगंजमधल्या एका भाड्याच्या खोलीत मी जन्मले, तेव्हा माझी काळी शाई काजळासारखी चमकत होती.

मला घडवले पद्मजाबाईंनी. त्या मराठी शाळेत चित्रकला शिकवत. तेव्हा शहरात सर्कस आली होती आणि सकाळच्या उन्हात तंबूबाहेरच्या मैदानात कलाकारांचा सराव चाले. बाई शाळेआधी तिथे जाऊन बसत. सांगलीकडून आलेले उल्हास आणि त्यांची बायको सुनंदा यांचा खेळ बाईंच्या मनात भरला. उल्हास पाय रोवून उभे राहत. सुनंदा त्यांच्या खांद्यांवर चढे आणि दोन्ही हात पसरून उभी राही. बाईंनी ते दृश्य रबरासारख्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर कोरले, त्यावर शाई फिरवली, कागद ठेवला आणि पळीच्या पाठीने तो घासला. मग त्यांनी कागद हलकेच सोलून काढला, आणि त्या कागदावर मी होते.

मी तेव्हाच्या नेहमीच्या चित्रांसारखे नव्हते. माझ्यात सुनंदा म्हणजे पांढरा त्रिकोण आणि उल्हास म्हणजे काळा चौकोन. नाक-डोळे कुणालाच नाहीत. शाळेतले दिनकर मास्तर हसून म्हणाले, "बाई, ही माणसं आहेत की ठोकळे?" मला फार वाईट वाटले. पण सुनंदाने मला पाहिले मात्र, ती ओरडली, "अहो, इकडे या! हे तर आपणच! तुमचं उभं राहणं अगदी तस्सं आलंय." बाईंनी लगेच मला तिच्या हातात दिले.

पुढच्याच आठवड्यात घात झाला. सराव चालू असताना दवाने ओल्या झालेल्या गवतावर उल्हासांचा पाय सरकला. सुनंदाला नुसते खरचटले, पण उल्हास पाठीवर आपटले. हिंदूरावच्या इस्पितळात ते तीन महिने होते. डॉक्टरांनी त्यांना चालते केले, पण यापुढे ओझे उचलायचे नाही, असे बजावले. सर्कस तोवर पुढच्या शहरात निघून गेली होती.

नवऱ्याला हुरूप यावा म्हणून सुनंदाने मला त्यांच्या खाटेसमोर ठेवले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. "काढ ते समोरून," एवढेच ते म्हणाले. कुणाला दुखवायला मी जन्मले नव्हते, पण मला तोंड कुठे होते समजवायला?

सुनंदाने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. अकरा वर्षे मी अंधारात होते. ओल आली, कसर आली. बाहेर संसार चालला होता. पद्मजाबाईंच्या ओळखीने उल्हासांना सरकारी कचेरीत बसून करायचे काम मिळाले. मुलगी झाली, वीणा. पण घरात सर्कसचे नाव कुणी काढत नसे.

एका रविवारी दहा वर्षांची वीणा स्वेटर शोधायला ट्रंकेत शिरली आणि मी तिच्या हाताला लागले.

"बाबा, ही वरची बाई कोण? बिल्कुल घाबरत नाहीये!"

स्वयंपाकघरातले लाटणे थांबले. "ठेव ते परत," सुनंदा आतून म्हणाली.

उल्हासांनी मला उजेडाकडे धरले. मग म्हणाले, "ती तुझी आई."

"अच्छा? आणि खालचा माणूस?"

"मी. मीच तिला पाडलं."

सुनंदा पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "पाडलं? पडता पडता तुम्ही मला गवतावर ढकललंत, म्हणून मी वाचले. मागचा दगड तुमच्या पाठीत बसला."

उल्हास म्हणाले, "मला तर तुझी किंकाळी तेवढी आठवते. इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"सर्कस म्हटलं की तुम्ही उठून जायचात. कुणाला सांगू?"

उल्हासांनी मला मांडीवर घेतले आणि रुमालाने माझ्यावरची धूळ टिपली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच आठवड्यात त्यांनी मला काच लावून आणले. वीणा मला खिडकीसमोर टांगायला निघाली, तेव्हा ते म्हणाले, "तिथे नको, ऊन लागेल." त्यांनी स्वतःच दुसरी भिंत निवडली.

मित्रांनो, आम्हा कागदांना ओल आणि ऊन सोसत नाही. तेवढे सांभाळा. आणि घरात एखादे जुने चित्र सापडले, तर ते फेकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "हे कोण?" उत्तर यायला वेळ लागला, तरी तिथून उठू नका.