चांगुणाचा हात

मित्रांनो, जरा हळू! मला असं आपटू नका. मी मणियाराची जुनी पेटी आहे, बांगड्यांची. आता माळ्यावर धूळ खात पडले आहे. पण जन्मभर पोटात काच वाहिली, त्यामुळे स्वभाव घाबरटच झाला माझा. कुणी नुसतं शिंकलं तरी छातीत धस्स होतं.

नगरला झेंडीगेटजवळ एका सुताराने मला सागवानातून घडवलं. महमूद मणियाराने मला खांद्यावर घेतलं आणि श्रीगोंद्याकडच्या गावोगाव फिरवलं. मला ओसरीवर उघडलं की बायका भोवती गोळा व्हायच्या. "महमूदभाई, तुजी पेटी लई देखणी हाय!" म्हणायच्या. मी आतल्या आत फुलून जायचे. महमूद परका पुरुष, पण त्याच्या हातात त्या बिनघोर हात द्यायच्या. तो हात दाबून मऊ करायचा आणि बांगडी अलगद चढवायचा.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. त्यातल्याच एका गावात राहीबाईच्या थोरल्या लेकीचं, रतनचं लग्न होतं. घरातल्या सगळ्याजणींना हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. धाकटी चांगुणा मात्र दाराआड उभी होती. तिचे हात मोकळे होते आणि मनगटावर काचेचे ओरखडे होते. काही दिवसांपूर्वी गावातल्याच एका माणसाने रानात गाठून तिच्यावर बळजबरी केली होती. तिने आईला सांगितलं आणि गावभर झालं. तो माणूस खुशाल पारावर बसत होता. ही पोर मात्र घराबाहेर पडत नव्हती.

"ये लेकी," महमूद म्हणाला आणि ती दाराआडून पुढे येताच सवयीने त्याने तिचं मनगट धरलं.

चांगुणा किंचाळली. अरे देवा, काय ती किंकाळी! ती भिंतीला चिकटून थरथरत राहिली. माझ्या पोटातल्या बांगड्या किणकिणल्या. इतकं भ्यालेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

चुलती लंकाबाई फणकारली, "येकटी रानात गेलीच कशाला? आता पाव्हणे येत्याल. हिला धाडा मामाकडं, न्हाईतर रतनचंबी लगीन मोडंल!"

राहीबाई रडायला लागली. मला वाटलं, आता ही आई कबूल होणार. माझा तर जीवच गेला. एकदा घरातून काढलेल्या पोरीला परत कोण आणतं?

महमूदने हात कधीच मागे घेतला होता. तो म्हणाला, "लंकाबाई, तुजं लगीन झाल्यापासनं मी तुला बांगड्या भरतो. दुखतंय म्हणलीस की थांबतो का न्हाई?"

"थांबतोस की."

"हीबी म्हणली आसंल, नको. रडली आसंल. त्यो थांबला न्हाई. मग इचारायचं ते त्याला इचारा. ह्या लेकराला काय इचारता?"

रतनने पुढे केलेला हात ओढून घेतला. "चांगुणा न्हाई भरली, तर मीबी न्हाई भरत. मोडू दे लगीन."

महमूदने हिरव्या बांगड्या चांगुणाजवळ खाली ठेवल्या आणि तो लांब सरकून बसला. ती नुसती बघत राहिली. मग तिने स्वतःच एक उचलली. हातावर जोराने दाबली. कट्‌कन बांगडी फुटली! लग्नघरात काच फुटली! अपशकुन म्हणून आता सगळ्या तिच्यावर तुटून पडणार, असं वाटून मी गारठले.

लंकाबाईच पुढे झाली. "वाढली गं, वाढली. भिऊ नगंस," ती म्हणाली. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. "मी भरू का?"

चांगुणाने मान हलवली. नको.

लंकाबाईने हात लगेच मागे घेतला. पण ती उठून गेली नाही. "चुकलं माजं पोरी," म्हणत तिथेच बसून राहिली.

मित्रांनो, अशी भ्यालेली मुलगी तुमच्या आळीत, तुमच्या वर्गातही असेल. ती तिथे गेलीच कशाला, असं विचारू नका. तिच्यावर विश्वास ठेवा. तिच्याजवळ बसा. ती नको म्हणाली तर हात मागे घ्या, पण तिला टाकून जाऊ नका.

त्या दिवशी दुपार कलली तरी लंकाबाई हलली नाही. मग चांगुणाने आपणहून हात पुढे केला.