बिनसाखरेचा स्लश

पोहण्याच्या तलावावरून निघाल्यापासून ठमीने भुकेचा धोशा लावला होता. वय वर्षं चार; भूक म्हणजे तिच्या भाषेत गोड काहीतरी. सोबतची आत्या दातांच्या दवाखान्यात कामाला. त्यामुळे दुकानातल्या यंत्रात गरगरणाऱ्या निळ्या, बर्फाळ स्लशवर ‘साखर नाही’ अशी पाटी दिसताच तिने बिनघोर मोठा पेला घेतला. ठमीने तो बघता बघता संपवला.

बसमध्ये पोरगी मांडीवर कलंडली.

“दमली गं बाई माझी,” म्हणत आत्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, आणि घामाने चिंब.

“ठमे? ए ठमे!”

डोळे अर्धवट उघडले, पण नजर कुठेच ठरेना. ओठ पांढरेफटक. ती काहीतरी पुटपुटली, एकही शब्द कळला नाही. आत्याने गाल थोपटले, मग जरा जोरातच. मान लुळी पडली, तशी आत्या किंचाळली.

ड्रायव्हरने एकदा मागे पाहिलं आणि मधे कुठेही न थांबता बस थेट इस्पितळाच्या दारात नेली.

नर्सने बोट टोचलं. ठमी रडलीच नाही. एरवी सुई नुसती दिसली तरी घर डोक्यावर घेणारी ही पोर!

“रक्तातली साखर फार खाली गेलीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिरेतून ग्लुकोज सोडता सोडता त्यांनी विचारलं, “जीभ निळी कशाने झाली?”

“स्लश प्यायली. पण बिनसाखरेचा!”

“मग त्यात ग्लिसरीन असणार. बर्फ घट्ट होऊ नये म्हणून घालतात.”

“ग्लिसरीन? ते तर आम्ही ओठांना लावतो. हिला शौचाला होत नव्हतं तेव्हा डॉक्टरांनीच त्याची वडी दिली होती, खालून ठेवायला.”

“तेवढ्याने काही होत नाही. खोकल्याच्या औषधातही असतं थोडं. पण एवढासा जीव, रिकामं पोट आणि भला मोठा पेला एका दमात… साखर धाडकन उतरते. इतक्या लहान मुलांना हे देऊच नये.”

“शुद्धीवर येईल ना?”

डॉक्टरीणबाईंनी वाकून ठमीची पापणी उघडून पाहिली. आत्याने पलंगाची दांडी घट्ट धरली.

“आत्या,” बारीक आवाज आला, “माझी एक चप्पल कुठंय?”

आत्या हसायला गेली आणि हमसून हमसून रडली.

तेवढ्यात दारात वहिनी, ठमीची आई; नर्सने फोन केला होता. मघापासून मनात जुळवलेलं एकही वाक्य आत्याला आठवेना.

“वहिनी, मी… मीच तिला…”

वहिनीने आधी लेकीला छातीशी धरलं, मग पायाने स्टूल पुढे सरकवलं.

“बस आधी. पडशील.”