शेवटच्या कडव्यातलं नाव

नंदूनं गाणं चोरल्याचं कळलं तेव्हापासून शकुच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिच्या नवऱ्याच्या, रतनच्या गायन पार्टीत हाच नंदू ढोलकी वाजवायचा, ‘वैनी, वैनी’ करत तिच्या हातची भाकरी हक्कानं मागून खायचा. आता मुलुंडला बिऱ्हाड केलं, स्वतःची पार्टी काढली आणि रतनच्या पार्टीचं गाणं नव्या कॅसेटसाठी गायला. गायला याचं काही नाही, गाणं कुणीही गावं. पण बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो आणि गाणारा ते जपतो. कागद ना पत्र, मालकी काय ती एवढीच. या मेल्यानं ‘रतन सांगे’ काढून ‘नंदू सांगे’ घातलं होतं, आणि चालीत ते फिट्ट बसतही होतं!

म्हणून नवरा-बायको घाटकोपरहून साकीनाक्याला कॅसेट कंपनीच्या गाळ्यात आले होते. केबिनमध्ये मालक चंद्रप्रकाशशेठ कपाळाला आठ्या घालून बसले होते. नंदू आधीच येऊन टेकला होता.

“वैनी, बऱ्या हाय ना?”

शकुनं मान फिरवली. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, पण ही माया नको.

“हे बघा,” शेठ म्हणाले, “दोघंही म्हणता गाणं माझं. कवी म्हणून कॅसेटवर एकच नाव जाणार, रॉयल्टी पण त्यालाच. रतनराव, गाणं बांधलंत तेव्हा समोर कोण होतं?”

“ही होती की, माझी बायको!” रतन ऐटीत म्हणाला. “जयंतीचा कार्यक्रम करून आलो, झोप येईना. बसलो अन् एका बैठकीत बांधलं. हिनं चहा करून दिला.”

शकु नवऱ्याकडे बघतच राहिली. गाणं झालं त्या रात्री थोरलीला गोवर आला होता आणि हा पार्टी घेऊन नाशकात होता. दिवसभर खाणीवर खडी फोडून आलेली शकु तापलेली लेक मांडीवर घेऊन गुणगुणत होती:

हातोडा ठेव गं बाई, पाटी दे लेकीच्या हाती,
रतन सांगे, खडी फोडून फुटली आपली छाती.

तो परतल्यावर तिनंच त्याच्याकडून ओळ न ओळ घोकून घेतली होती. बाईमाणसानं गाण्यात स्वतःचं नाव कसं घालावं, म्हणून तिनं नवऱ्याचं घातलं, उखाण्यात घेतात तसं, लाजत आणि कौतुकानं. तिथंच चुकलं. लोक त्याला कवी म्हणू लागले आणि तो चारचौघांत मिरवू लागला, तेही तिनं हसून सोडून दिलं. निदान मनातून तरी तो विसरला नसेल, असं ती धरून चालली होती. चहा करून दिला म्हणे!

“मग बाई, इथं सही करा,” शेठ म्हणाले. “यांनी तुमच्यासमोर गाणं बांधलं म्हणून.”

“न्हाई करणार.”

“शके?” रतन म्हणाला.

“जे बघितलंच न्हाई त्याला सही कशी करू? गाणं नंदूचं न्हाई, अन् ह्यांचंबी न्हाई. म्या बांधलंय.”

नंदू फसकन हसला. “दादा, घरातच वांधा झाला ना यार!”

“तू गप बस! माझ्या भाकरीची तरी लाज धर.”

रतन ताडकन उठला. “डोकं फिरलं काय तुझं? घरी चल, मग बघतो तुला.”

“पण बाई,” शेठ चाचरत म्हणाले, “गाण्यात नाव तर यांचं आहे ना?”

“माझ्या पोरांच्या नावामागंबी ह्यांचंच नाव हाय, शेठ. म्हणून काय कळा ह्यांनी सोसल्या?”

नंदूचं हसू मावळलं. शेठनी चष्मा काढला आणि रतनकडे वळून विचारलं, “खरं का हो?”

रतन उभ्याचा खाली बसला. स्टेजवर माईकशिवाय मैदान हलवणारा हा माणूस टेबलाकडे बघत पुटपुटला, “तिचंच हाय. पहिल्यापासून तिचंच.”

शेठनी कागदावरचं रतनचं नाव खोडलं आणि तिला पुरं नाव विचारलं. शकुला वाटलं होतं, हे ऐकल्यावर जीव निवेल. पण इतकी वर्षं दडवलेलं हे बोलायला त्याला एवढाच वेळ लागला, हे डोळ्यांनी बघितल्यावर तिचा राग उतरायच्या ऐवजी आणखीच भडकला.