नेहमी डाव्या हाताला

मालनबाई मोठ्या दवाखान्याच्या वाटेतच गेल्या, असा फोन घरी आला, तेव्हा त्यांच्या लेकीने, अंजलीने, मला नुकतंच चुलीजवळच्या फळीवर ठेवलं होतं. मी अजून तिथेच आहे. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारा एक जुना पट्टा आहे.

मालनबाईंच्या नवऱ्याने, भारतरावांनी, मला परळीहून सिरसाळ्याला घरी आणलं. मालनबाईंचा रक्तदाब वाढलेला असायचा. सकाळी त्या भाकरीचं पीठ मळायला बसल्या की ते मला घेऊन शेजारी बसत.

“हात दे.”

“पिठाचा देऊ?”

उजवा पिठात, म्हणून डावा पुढे यायचा. नेहमी डावाच.

“हलू नको गं, आकडा चुकतोय.”

“मग तव्यावरची भाकर काय तुमचा बाप बघनार हाय?”

दोघं हसत. शेजारच्या साखराबाईही दंड पुढे करत. तेव्हा माझं कौतुक होतं.

एका सकाळी मालनबाई परातीवर वाकल्या त्या उठेचनात. “आवं, पाठीत फाटल्यावानी होतंय.”

भारतरावांनी मला बांधलं, सवयीने डाव्याच हाताला. आकडा रोजच्यापेक्षा कमी आला.

“बग, लई चांगला हाय. कापूस येचून उसण भरली आसंल.”

त्यांनी पाठीला मलम चोळलं. दुपार तशीच गेली.

दुखणं थांबेना, म्हणून संध्याकाळी त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं; मीही अंजलीच्या पिशवीत होतो. तिथे डॉक्टरांनी दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजला. उजव्याचा आकडा फार मोठा होता. तपासणीत कळलं, की हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, छातीत आतून चिरली होती. म्हणून डाव्या हातात रक्त कमी येत होतं. फाटका भाग काढून तिथे कापडी नळी शिवायची, एवढाच उपाय. त्यासाठी मोठ्या शहरात जायचं होतं.

“यांच्या घरात कुणी असं अचानक गेलंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिची आई,” भारतराव म्हणाले.

“मग लेकीचीही महाधमनी तपासून घ्या. आधी कळलं तर वेळेवर ऑपरेशन करता येतं.”

भारतराव मालनबाईंबरोबर मोठ्या शहराकडे निघालेल्या गाडीत बसले. अंजली मला पिशवीत घेऊन घरी आली.

आता पीठ अंजली मळते. शेजारी कुणी बसत नाही. कधी भारतराव मला खाली घेतात, माझ्यावरचं वाळलेलं पीठ बघतात आणि पुन्हा फळीवर ठेवतात. ते पीठ त्यांनी पुसलेलं नाही.

“बाबा, तपासायला कवा जायचं?”

“जाऊ की.”

लेकीच्या तपासणीत काय आकडा निघेल, याची त्यांना भीती वाटते. मला ती कळते.

मित्रांनो, पट्टा दोन्ही हातांना बांधून बघा. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं, तर माझा आकडा चांगला आला तरी घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. ज्या हाताला मला बांधलं, तेवढाच हात मला कळतो.

अंजलीची तपासणी अजून झालेली नाही.